बर्फातले गिरमिट : यांत्रिक ऑगरची निवड आणि वापर

गोठलेल्या तलावावर मासे धरायचे, तर गळाच्या आधी भोक लागते. हे भोक पाडणाऱ्या हत्याराला ऑगर म्हणतात. सुताराचे गिरमिट फिरत फिरत लाकडात उतरते आणि भुसा वर काढत जाते. ऑगर हेच काम बर्फात करतो. टोकाला धारदार पाती, त्यांच्या वर मळसूत्राप्रमाणे पीळ दिलेली पट्टी असलेला दांडा आणि माथ्यावर तो फिरवण्याची सोय, एवढीच त्याची रचना असते. पाती बर्फ कातरतात, पिळाची पट्टी कातरलेला कीस वर आणते. फिरवण्याचे काम हाताऐवजी इंजिन किंवा विजेची मोटार करू लागली, की तो यांत्रिक ऑगर होतो.

या मासेमारीचा मोठा प्रदेश उत्तर अमेरिकेत आहे. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन आणि नॉर्थ डकोटा ही अमेरिकेची राज्ये, तसेच कॅनडातील ऑन्टारिओ आणि मॅनिटोबा हे प्रांत हिवाळ्यात गोठलेल्या तलावांनी भरलेले असतात. महाराष्ट्रात फळबागेसाठी खड्डे घेणारा पेट्रोलवरचा ‘अर्थ ऑगर’ अनेक शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. बर्फाचा ऑगर त्याचाच भाऊबंद. काही कंपन्यांच्या इंजिनांना मातीचा आणि बर्फाचा असे दोन्ही दांडे बसतात. पाती मात्र अगदी वेगळी असतात.

ऑगर विकत घेताना पहिली नजर इंजिनाच्या ताकदीकडे जाते. योग्य निवड मात्र तीन साध्या प्रश्नांवर ठरते : बर्फ किती जाड असणार, दिवसभरात भोके किती पाडायची आणि ऑगर तिथपर्यंत न्यायचा कसा? हे तीन प्रश्न सुटले की व्यास, शक्ती आणि वजन यांची उत्तरे आपोआप मिळतात.

तलाव वरून का गोठतो

पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. थंडीत तलावाचे सगळे पाणी या तापमानापर्यंत उतरले की त्याहून थंड झालेले पाणी हलके होऊन वरच राहते आणि पृष्ठभागापासून गोठू लागते. बर्फाची घनता पाण्याच्या सुमारे ९२ टक्के असल्याने तो तरंगत राहतो. त्याच्याखाली, तळाशी ४ अंशांच्या आसपासच्या पाण्यात, मासे हिवाळाभर जिवंत असतात. त्यांच्या हालचाली आणि भूक मंदावतात, पण थांबत नाहीत.

बर्फाचा थर सुरुवातीला भराभर वाढतो आणि नंतर मंदावतो. पाण्यातली उष्णता बाहेर पडायची, तर तिला तयार झालेल्या बर्फातूनच जावे लागते. थर जितका जाड, तितकी ही वाट लांब. ढोबळ हिशेब असा, की थराची जाडी दुप्पट व्हायला एकूण थंडी चौपट साठावी लागते. वर भुसभुशीत हिम पडले तर ते गोधडीसारखे काम करते आणि वाढ आणखी मंद होते. त्यामुळे एकाच तलावावर, एकाच दिवशी, वाऱ्याने झाडलेल्या भागात बर्फ जाड आणि हिमाच्या ढिगाखाली पातळ असा फरक आढळतो. हंगामाच्या सुरुवातीला चार-सहा इंचांचे काम असते. मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, लेक ऑफ द वूड्ससारख्या तलावावर, हिवाळा सरताना तेच अडीच-तीन फुटांवर जाते.

पहारीपासून मोटारीपर्यंत

सर्वांत जुने हत्यार म्हणजे पहार. टोकाला छिन्नीसारखी धार असलेली लांब लोखंडी पहार आजही प्रत्येक जाणत्या मच्छीमाराच्या सामानात असते, पण तिचे मुख्य काम आता बर्फाचा अंदाज घेण्याचे आहे. त्यानंतर हाताने फिरवायचे ऑगर आले. स्वीडनमधील मोरा गावाच्या नावाचे हातऑगर त्यांच्या धारेसाठी जगभर ओळखले जातात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लहान पेट्रोल इंजिनांचे ऑगर रुळले. विस्कॉन्सिनमधला ‘जिफी’ हा त्यांतला एक जुना आणि परिचित ऑगर आहे.

यंत्राने श्रम वाचवले, पण त्याहून मोठा बदल मासेमारीच्या पद्धतीत झाला. हाताने दीड-दोन फूट बर्फ कापणारा माणूस दोन-चार भोके पाडून तिथेच बसून राहत असे. मासा आला तर आला. मिनेसोटाचे डेव्ह गेन्झ यांनी १९८० च्या दशकात वेगळी रीत रुजवली. हलका, ओढून नेता येणारा तंबू, पाण्याखालचा मासा दाखवणारे सोनार यंत्र आणि एकापाठोपाठ एक अनेक भोके, असा तिचा मेळ होता. मासा नसेल तिथे थांबायचे नाही, पुढच्या भोकावर जायचे. या रीतीत ऑगर हे शोधाचे साधन होते. वीस-तीस भोके पाडून तलावाचा उतार, खडकाळ उंचवटा किंवा पाणवनस्पतींची कड धुंडाळली जाते आणि मासा सापडला की गळ टाकला जातो. यांत्रिक ऑगरची खरी किंमत या फिरतीमध्ये आहे. म्हणूनच वजन आणि सोय यांना ताकदीइतकेच महत्त्व येते.

भोकाचा व्यास

बाजारात ६, ८ आणि १० इंच व्यासाचे ऑगर प्रामुख्याने मिळतात. यलो पर्च, ब्लूगिल, क्रॅपी हे तळहाताएवढे मासे धरायचे असतील तर ६ इंच पुरतात. वॉलआय हा या तलावांतला सर्वांत लोकप्रिय खाद्यमासा. त्याच्यासाठी आणि मिश्र मासेमारीसाठी ८ इंच हे सर्वमान्य माप आहे. त्यात सोनारची वायर आणि गळाची दोरी एकत्र सोडायलाही जागा राहते. मोठा नॉर्दर्न पाइक किंवा लेक ट्राउट अपेक्षित असेल, तर १० इंचांचा विचार करावा.

व्यास वाढवण्याची किंमत दिसते त्याहून मोठी असते, कारण कापायचा बर्फ व्यासाच्या वर्गाने वाढतो. दोन फूट जाड बर्फात ६ इंचांच्या एका भोकासाठी सुमारे १० किलो, ८ इंचांसाठी १८ किलो आणि १० इंचांसाठी २८ किलो बर्फ कापून वर आणावा लागतो. ८ इंचांची चाळीस भोके म्हणजे जवळपास पाऊण टन बर्फ. हा सगळा भार इंधनावर किंवा बॅटरीवर पडतो. त्यामुळे ‘असू द्या मोठाच’ या विचाराने १० इंच घेणे बहुतेकांना महाग पडते. स्थानिक नियमही पाहून घ्यावेत. विस्कॉन्सिनमध्ये साधारण मासेमारीच्या भोकासाठी १२ इंचांची मर्यादा आहे. तिथल्याच विनेबागो तलावावर फेब्रुवारीत भाल्याने स्टर्जन मासा मारण्याचा वेगळा हंगाम असतो. त्यासाठीची मोठी चौकोनी भोके करवतीने कापली जातात.

दांड्याची लांबीही तपासावी. पाती पाण्यात उतरली तरी इंजिन बर्फावर राहिले पाहिजे. साडेतीन फुटांच्या आसपासचा दांडा बहुतेक ठिकाणी पुरतो. अधिक जाड बर्फासाठी फूटभर लांबीचा जोडदांडा मिळतो.

शक्ती कुठून घ्यावी

दोन-स्ट्रोक पेट्रोल इंजिन हे जुने आणि दणकट साधन आहे. कडाक्याच्या थंडीत, जाड बर्फात, दिवसभर काम करण्याची त्याची क्षमता वादातीत आहे. पेट्रोलमध्ये ठरावीक प्रमाणात, बहुधा चाळीसास किंवा पन्नासास एक, तेल मिसळावे लागते. धूर, आवाज आणि हाताला व अंगाला येणारा वास हे त्याचे तोटे आहेत. चार-स्ट्रोक इंजिनात तेल वेगळे असते, धूर आणि आवाज कमी होतो. मात्र ते काहीसे जड असते आणि आडवे ठेवताना उत्पादकाने सांगितलेल्या बाजूवरच ठेवावे लागते, नाहीतर तेल नको तिथे शिरते.

प्रोपेन वायूवर चालणाऱ्या ऑगरला लहान सिलिंडर लावतात. इंधन मिसळणे नाही, सांडणे नाही, कार्ब्युरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा चिकटा नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांवर उकळतो. हवा त्या तापमानाच्या जवळ जाऊ लागली की सिलिंडरमधला दाब घटतो आणि इंजिन अशक्त होते. म्हणून फार थंड दिवशी जादा सिलिंडर उबेत ठेवतात.

गेल्या काही वर्षांत बाजार झपाट्याने विजेकडे वळला आहे. लिथियम बॅटरीवरचा ऑगर बटण दाबताच चालू होतो, दोरी ओढावी लागत नाही, धूर होत नाही आणि तंबूच्या आतही वापरता येतो. बहुतेकांना उलटे फिरवण्याचे बटण असते. त्याने भोकातला चिखलासारखा बर्फ खाली ढकलता येतो. याची दुबळी बाजू थंडी. गारठ्यात बॅटरीची क्षमता घटते, म्हणून ती काम लागेपर्यंत कोटाच्या आत किंवा उबदार पेटीत ठेवावी. शून्य अंशाखाली गेलेली लिथियम बॅटरी चार्ज करू नये. त्यात तिचे कायमचे नुकसान होते. आधी तिला खोलीच्या तापमानावर येऊ द्यावे.

बॅटरीची क्षमता काही उत्पादक ‘एका चार्जमध्ये एकूण किती इंच बर्फ’ अशी सांगतात. हा आकडा भोकांमध्ये बदलून पाहावा. एकूण १,००० इंच सांगितले असतील, तर २० इंच जाड बर्फात ती पन्नास भोके झाली. तीही नव्या बॅटरीने, धारदार पात्यांनी आणि उत्पादकाच्या चाचणीतल्या तापमानाला. हिशेब त्याहून कमीचाच धरावा आणि दूर जाताना दुसरी बॅटरी घ्यावी.

चौथा मार्ग सर्वांत हलका आहे. घरातल्या बॅटरीवरच्या ड्रिल मशीनला बर्फाचा हलका दांडा जोडायचा. ६ किंवा ८ इंचांचा असा जोड पाच किलोंच्या आसपास बसतो, तर इंजिनाचा पूर्ण ऑगर दहा ते पंधरा किलोंपर्यंत जातो. यासाठी ड्रिल दमदार हवे. १८ व्होल्टचे, ब्रश नसलेल्या मोटारीचे आणि ७५-८० न्यूटन-मीटर तरी पीळबळ देणारे मशीन निवडावे. ते पहिल्या, म्हणजे मंद गिअरवर चालवावे. हातोड्यासारखे ठोके देणारी सोय बंद ठेवावी. बाजूची जादा मूठ लावल्याशिवाय वापरू नये, कारण दांडा अडकला की तीच ताकद मनगट पिळते. ड्रिलची पकड सुटली तर दांडा थेट तळाशी जातो. त्यासाठी भोकापेक्षा रुंद चकती वर बसवतात किंवा तरंगणारा दांडा घेतात.

निवडीचा सारांश असा. पायी फिरणाऱ्याने आणि दीड फुटापर्यंतच्या बर्फावर जाणाऱ्याने ड्रिलचा जोड किंवा हलका विजेचा ऑगर घ्यावा. तंबूत बसणाऱ्यासाठी विजेचाच योग्य. स्नोमोबाइलने, म्हणजे हिमावरून धावणाऱ्या लहान वाहनाने, दूर जाऊन तीन फूट बर्फात दिवसभर भोके पाडणाऱ्याला पेट्रोल किंवा प्रोपेन अधिक भरवशाचे वाटते. हंगामात दोन-तीनदाच जाणाऱ्याला चांगल्या धारेचा हातऑगरही पुरेसा ठरतो.

रंधा आणि पटाशी

ऑगरचा स्वभाव पात्यांवर ठरतो. एक प्रकार सलग, गुळगुळीत धारेचा असतो. सुताराचा रंधा लाकडाचा पातळ पापुद्रा काढतो, तशी ही पाती बर्फाचा पापुद्रा काढतात. नव्या, स्वच्छ बर्फात ती सर्वांत वेगाने आणि कमी ताकदीत उतरतात. वाळूचा कण किंवा खडा लागला की मात्र धार जाते, आणि गोठून गेलेले जुने भोक पुन्हा उघडताना ती अडकतात.

दुसऱ्या प्रकारात दातेरी पाती असतात. ती पटाशीसारखी बर्फाचे तुकडे उडवतात. वेग थोडा कमी, हादरे जास्त. पण धार टिकते आणि जुने भोक मोकळे करायला हीच बरी. ज्याच्या तंबूची जागा ठरलेली असते आणि जो तीच भोके दर आठवड्याला उघडतो, त्याने दातेरी पाती घ्यावीत. रोज नव्या जागी जाणाऱ्याने गुळगुळीत घ्यावीत. धारेचा कोन फार नेमका असतो. घरी कानस फिरवून तो बिघडला, तर पाती चकाकतात पण बर्फात शिरत नाहीत. त्यामुळे जाणकाराकडून धार लावून घेणे किंवा नवी जोडी बसवणे श्रेयस्कर.

आधी बर्फाची परीक्षा

ऑगर हे सुरक्षेचेही साधन आहे, कारण बर्फाची जाडी भोक पाडूनच मोजता येते. मिनेसोटाच्या निसर्गसंपदा विभागाचे मार्गदर्शन नव्या, पारदर्शक बर्फासाठी असे आहे : ४ इंचांखाली पाऊल टाकू नये, चालायला ४ इंच हवेत, स्नोमोबाइलला ५ ते ६ आणि लहान मोटारीला ९ ते १० इंच. पांढऱ्या, हिम मुरून तयार झालेल्या बर्फाची ताकद पारदर्शक बर्फाच्या निम्मीच धरतात, म्हणून तिथे जाडी दुप्पट हवी. झरे, नाल्यांची मुखे, पुलाखालची जागा आणि वाहते पाणी यांच्यापाशी कोणताही आकडा भरवशाचा नसतो.

काठावरून निघताना पहारीने पुढचा बर्फ ठोकत जावे. एक-दोन घावांत पहार आरपार गेली, तर आल्या पावली परतावे. पुढे दर दीडशे फुटांवर एक भोक पाडून जाडी मोजावी. गळ्यात बर्फात रोवायचे दोन टोकदार हातखिळे आणि अंगावर तरंगते जाकीट असावे.

भोक पाडताना

बुटांना काटे लावावेत; गुळगुळीत बर्फावर ऑगर फिरण्याऐवजी माणूसच फिरण्याचा धोका असतो. मफलरची टोके, लोंबत्या दोऱ्या आणि सैल बाह्या आत खोचाव्यात. जागेवरचे हिम पायाने बाजूला करावे, म्हणजे कीस पसरायला जागा होते. मग पात्यांचे झाकण काढून टोक बर्फावर टेकवावे.

पेट्रोलच्या ऑगरमध्ये इंजिन मंद चालत असताना दांडा स्थिर राहिला पाहिजे. क्लच नीट असल्याची ती खूण आहे. मंद गतीतही पाती फिरत असतील, तर दुरुस्ती होईपर्यंत ऑगर वापरू नये. पाय खांद्याएवढे फाकवून, दोन्ही हातांनी मुठी घट्ट धरून, कोपर अंगाजवळ ठेवून उभे राहावे. सुरुवात कमी गतीने करावी. खाच पडली की गती वाढवावी आणि दांडा उभा ठेवावा. वरून अंगाचा भार देऊ नये. धार चांगली असेल तर ऑगर स्वतःच्या वजनाने उतरतो. दाबल्यास पाती बर्फात रुततात आणि मोटारीवर ताण येतो. दाबल्याशिवाय उतरत नसेल, तर दोष धारेत शोधावा.

जाड बर्फात कीस भोकात दाटतो, म्हणून अधूनमधून दांडा किंचित वर उचलावा. आरपार होण्याचा क्षण सर्वांत नाजूक असतो. आवाज बदलतो, ऑगर एकदम खाली जातो आणि तळाच्या उरलेल्या कडेत पाती झटक्याने अडकू शकतात. मनगटाच्या दुखापती इथेच होतात, म्हणून शेवटच्या इंचात पकड पक्की ठेवून हात सावध ठेवावेत. पाणी वर आल्यावर फिरता दांडा सरळ वर काढावा; त्याबरोबर बराचसा कीस बाहेर येतो. उरलेला लांब दांड्याच्या झाऱ्याने काढावा. पुढचे भोक आधीच्या भोकाला चिकटून पाडू नये. मधली पातळ भिंत फुटते आणि पाती तिच्यात अडकतात.

ऑगर भोकातच उभा ठेवण्याचा मोह टाळावा. थोड्या वेळात तो गोठून बसतो. बंद तंबूत पेट्रोलचा किंवा प्रोपेनचा ऑगर चालवणे जिवावर बेतू शकते. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. निघताना रिकाम्या भोकांपाशी फांदी रोवून किंवा बर्फाचा ढीग करून खूण ठेवावी, कारण वरचा पातळ थर गोठला की मागून येणाऱ्याला भोक दिसत नाही.

निगा

प्रत्येक वेळी दांडा झटकून पाणी काढावे. पात्यांवर गोठलेला बर्फ काढण्यासाठी ऑगर आपटू नये. पाते किंचित जरी वाकले तरी कापण्याचा कोन बिघडतो. उबेत तो बर्फ आपोआप सुटतो. घरी आल्यावर पाती पुसून त्यांवर तेलाचा हात फिरवावा आणि झाकण लावावे. हे झाकण गाडीत बसलेल्या माणसांच्या पायांसाठीही गरजेचे आहे. पात्यांचे स्क्रू हादऱ्यांनी ढिले होतात. प्रत्येक फेरीआधी ते तपासावेत.

हंगाम संपल्यावर पेट्रोलची टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल साठवणीत ओलावा शोषते आणि कार्ब्युरेटरच्या बारीक वाटा तुंबवते. पुढच्या डिसेंबरात चालू न होणाऱ्या इंजिनांच्या तक्रारी बहुधा याच टाकीत सापडतात. लिथियम बॅटरी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी न ठेवता मध्यम चार्जवर, कोरड्या आणि थंडाव्याच्या खोलीत ठेवावी. पात्यांची नवी जोडी उन्हाळ्यातच आणून ठेवली, की पहिला बर्फ पक्का होताच ऑगर कामाला तयार असतो.